कोऱ्या चहाचा खटला

बुलढाणा जिल्ह्यात आजवर जो कुकर फुटला, जो पंखा गळून पडला, जो मिक्सर जळला आणि जो पंप विहिरीत उतरवल्या दिवशीच गप्प झाला, त्या प्रत्येकाची काही एक चूक नव्हती असं मनापासून मानणारा या भूतलावर एकच माणूस आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बुलढाण्याला वकिली करतात. वकील म्हटल्यावर खून, दरोडा, बांधावरची भांडणं असं काही तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल तर ते विसरा. आमच्या साडभाऊंचे अशील म्हणजे कारखाने. वस्तूनं दगा दिला म्हणून कुणी ग्राहक आयोगात गेला, की ती वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूनं काळा कोट घालून जे उभे राहतात ते साडभाऊ. हे त्यांनी इतकी वर्षं आणि इतक्या यशानं केलं आहे, की आमच्या ओळखीत कुणाला इस्त्रीचा शॉक बसला तर तो आधी बटण बंद करतो आणि मग म्हणतो, "जाऊ द्या, वकीलसाहेब तिकून उभे राह्यतीन."

त्यांच्या सगळ्या वकिलीचा पाया म्हणजे वस्तूसोबत खोक्यातून येणारं पुस्तक. या पुस्तकांचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. मी मोताळ्याला शाळेत शिकवतो. आमच्या गावात ती कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली जातात, नाहीतर पोरं त्यांची विमानं करतात. साडभाऊ ती वाचतात. पहिल्या पानापासून, चष्मा नाकावर ओढून, मोठ्यानं, आणि 'सावधान' हा शब्द आला की आवाज थोडा खाली आणून. दुसरबीडला माझ्या पुतणीचं लग्न होतं. पंचशील झालं, मंगल परिणय झाला, पंगती बसल्या, आणि साडभाऊंनी स्वतः आहेर म्हणून आणलेला मिक्सर उघडून नवरदेवाला मांडवामागच्या खोलीत नेलं. बराच वेळ झाला तरी दोघं बाहेर येईनात. मुलीकडचा वकील पोराला बाजूला घेऊन एवढं काय बजावतो आहे, म्हणून वरपक्षात कुजबुज सुरू झाली. शेवटी वरबाप घामाघूम होऊन आत गेला. नवरदेव म्हणाला, "काई नाई बाबा. भांडं अर्ध्याच्या वर भरू नको म्हणून राह्यले, अन् ओल्या हातानं बटन दाबू नको म्हणते." वरबापाचा जीव भांड्यात पडला, तोही अर्ध्यापर्यंतच. तो मिक्सर अजून चालतो आहे आणि संसारही बरा चालला आहे, हे मात्र मला मान्य केलं पाहिजे.

आता कंपन्यांची बाजू घेणारा माणूस म्हणजे पक्का बनेल असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण साडभाऊंची गोष्ट उलटी आहे. त्यांचे वडील हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यात मजुरी करायचे आणि संध्याकाळी विहारात सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचे. पोरगा वकील होणार हे कळल्यावर म्हातारा हरखला आणि लगेच काळजीत पडला. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं. त्यांनी मुलाला समोर बसवून विचारलं, "वकील हो, माही ना नाई. पन मंग चौथ्याचं काय करशीन?" मुलानं उत्तर शोधून काढलं ते सनद मिळाल्यावर. ज्या वस्तूची बाजू घ्यायची ती आधी आपल्या घरी आणायची आणि पुस्तकात सांगितल्याबरहुकूम वापरायची. नीट चालली तर ती चांगली आहे असं आयोगापुढे म्हणण्यात खोटं काही नाही. नाही चालली तर वकालतनाम्यावर सही करायची नाही. बाररूममध्ये ते शिरले की कुणीतरी हळूच 'चौथं शील आलं' म्हणतं. साडभाऊ त्यालाच जयभीम घालतात आणि त्याच्याच शेजारी बसतात.

या उत्तराची किंमत मोजली ती ताईनं. ताई म्हणजे माझी मेहुणी. तिच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत एकही साधी वस्तू आलेली नाही. जी आली ती कुठल्या ना कुठल्या गुन्ह्यात अडकलेलीच. ज्या कुकरनं चिखलीत एका बाईचं छत पिवळं केलं, त्याच्या जुळ्या भावात ताईनं अख्खा उन्हाळा वरण शिजवलं. साडभाऊ शेजारी स्टुलावर बसून शिट्ट्या ऐकत. एकदा त्या कुकरनं ताईच्याही छतावर वरणाचा एक गोल उमटवला. साडभाऊंनी खाली पडलेलं झाकण उचललं, शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून पाहिलं, आत अडकलेलं डाळीचं टरफल काडीनं बाहेर काढलं आणि ताईपुढे ठेवलं. केस तिथेच निकालात निघाली. तो गोल अजून छतावर आहे आणि पाहुण्यांना तो पुरावा म्हणून दाखवला जातो. ताई म्हणते, "साऱ्या जिल्ह्याले आयोग हाये, मलेच तेवढा नाई."

पण ते आंधळेपणानं सही करतात असं कुणी म्हणू नये. छताच्या पंख्यांची एक मोठी कंपनी त्यांच्याकडे आली होती. साडभाऊंनी तो पंखा जेवणाच्या खोलीत लावून घेतला आणि त्याच्याखाली पाट मांडून जेवायला बसू लागले. ताई आणि मुली भिंतीला पाठ लावून, पंख्यापासून लांब जेवत. एके दुपारी साडभाऊ हात धुवायला उठले आणि पंखा त्यांच्या ताटात येऊन बसला. त्यांनी ओल्या हातानं फोन लावून कंपनीला नाही म्हणून कळवलं आणि मग ताईला दुसरं ताट वाढायला सांगितलं.

अशा माणसाकडून चूक झाली ती कडबाकुट्टीच्या खटल्यात. कडबाकुट्टी म्हणजे विजेवर चालणारं, गुरांचा चारा बारीक कापणारं यंत्र. त्याच्या तोंडात पेंढी सरकवायची, आतले रूळ ती ओढून घेतात आणि पुढची पाती तिचे तुकडे करतात. हात आत ओढला जाऊ नये म्हणून तोंडावर बोल्टांनी घट्ट बसवलेलं एक लोखंडी झाकण असतं. ते झाकण आमच्याकडे यंत्र घरी आल्या दिवशीच निघतं. दुकानाचा माणूस यंत्र बसवायला येतो तो त्याच पान्यानं झाकण काढूनही देतो, आणि पुढे त्या झाकणावर कोंबड्यांना पाणी ठेवतात. माझ्या दारी दूध घालणाऱ्या कमलबाईंकडेही तसंच होतं. चारा कापताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

कमलबाईंच्या दोन म्हशी होत्या. म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही हे ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांना ठाऊक असतं. सुनेनं प्रयत्न केला, लाथ खाल्ली. शेवटी एक म्हैस विकावी लागली आणि दुसरी त्या डाव्या हातानं, सावकाश, तिची समजूत घालत काढू लागल्या. त्यांनी कंपनीवर तक्रार लावली. भरपाई मिळाली तर पुन्हा एक म्हैस घ्यायची आणि तिला पहिल्या दिवसापासून सुनेच्या हाताची सवय लावायची, एवढं त्यांच्या मनात होतं. हे सगळं त्या आमच्या ओट्यावर बसून सांगत होत्या, आणि मी मान डोलावत होतो, कारण कंपनीचा वकील कोण आहे हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. साडभाऊ तोवर एकही केस हरलेले नव्हते.

त्यानंतर साडभाऊ घाट उतरून आमच्याकडे आले ते नेहमीसारखे हसत आले, पण चहा समोर ठेवल्यावर त्यांनी कप दोन बोटांनी मागे सारला. दूध कोणाचं, असं त्यांनी विचारलं. माझ्या बायकोनं कमलबाईंचं म्हणून सांगितलं. साडभाऊ म्हणाले, विरुद्ध पक्षाचं दूध खटला चालू असेतो आपल्याला चालणार नाही. कोरा चहा टाका. बायको म्हणाली, "भाऊजी, दूध काई साक्ष देत नाई." पण ते बधले नाहीत. दोन पावसाळे हा माणूस आमच्याकडे कोरा चहा पीत होता. श्रीखंड नाही, खीर नाही, आमच्या मुलाच्या वाढदिवसाला बासुंदी केली तर हे पुरी लोणच्याशी खाऊन उठले. मला त्यांचा मनापासून राग यायचा. इतकी नीती आहे तर ती त्या बाईच्या बाजूनं का उभी राहत नाही, असं मी बायकोजवळ बोलूनही दाखवलं.

खरं म्हणजे यंत्र त्यांनी घरी आणलं होतं. बुलढाण्याच्या भर वस्तीत, अंगणातल्या मोगऱ्याशेजारी सिमेंटचा चौथरा बांधून कडबाकुट्टी बसवली गेली. साडभाऊंकडे गुरं नाहीत, शेळीही नाही. पण चारा कापल्यावर तो कुणीतरी खाल्ला पाहिजे, म्हणून ते फाटक उघडं ठेवू लागले, आणि बुलढाण्यातल्या मोकाट गाईंमध्ये ही बातमी झपाट्यानं पसरली. सकाळी साडभाऊ कोट घालून बाहेर पडत तेव्हा अशिलांच्या आधी गाई उभ्या असत. पुस्तक वाचून झालं, झाकण घट्ट बसवून झालं, कडबा भराभर कापून झाला. दिवस उन्हाळ्याचे होते आणि उन्हाळ्यात असतो तो वाळका कडबा. तो झाकणाखालून सुरळीत सरकला. साडभाऊंचं समाधान झालं आणि त्यांनी सही केली. चूक झाली ती इथे.

आयोगापुढे कमलबाईंची उलटतपासणी झाली त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. साडभाऊ त्यांच्याशी अत्यंत अदबीनं, शुद्ध मराठीत बोलत होते. यंत्राला झाकण होतं का? होतं. अपघाताच्या वेळी ते जागेवर होतं का? नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "झाकण कुणी काढलं?" कमलबाईंच्या वकिलानं खाली पाहिलं. दुकानाच्या माणसानं काढलं असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. त्यानंच तर पाना चालवला होता. कमलबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "म्याच काढाले लावलं. खोटं काऊन बोलू?"

खटला तिथेच संपल्यासारखा होता. पण मला बसस्टँडवर पोचवायला येताना साडभाऊ खाली मान घालून चालत होते. मला वाटलं जिंकल्याचा थकवा असेल. बसस्टँडवर ते एवढंच म्हणाले, की इतक्या वर्षांत सरळ उत्तर देणारा तक्रारदार त्यांनी पहिल्यांदा पाहिला. मी सरळ बसमध्ये चढलो. बोललो असतो तर भांडण झालं असतं.

पुढचं मला ताईनं सांगितलं. श्रावणात साडभाऊंच्या ओळखीचा एक शेतकरी हिरव्या मक्याचा भारा फाटकात टाकून गेला. वकीलसाहेबांकडे गाई फार झाल्या आहेत असं त्याला वाटलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. साडभाऊंनी झाकण तपासलं आणि मका यंत्रात सरकवला. हिरवं धांडं वाकलं आणि झाकणाखाली अडकलं. पुस्तकात लिहिलं होतं तसं त्यांनी यंत्र बंद केलं, बोल्ट काढले, झाकण उचललं, मका मोकळा केला, झाकण बसवलं, बोल्ट आवळले, यंत्र सुरू केलं. पुढचं धांडं अडकलं. पुन्हा पाना. पुन्हा अडकलं. फाटकाशी गाई हंबरत होत्या, लाइन जायची वेळ होत आली होती, साडभाऊंचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि भारा होता तेवढाच होता. ताई चहा घेऊन अंगणात आली तेव्हा मका भराभर कापला जात होता, झाकण मोगऱ्याच्या कुंडीला टेकवून ठेवलेलं होतं, आणि सगळ्या जिल्ह्याला पुस्तक वाचायला लावणाऱ्या माणसाचा हात यंत्राच्या तोंडाशी होता. ताईनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग विचारलं, "झाकण कोनं काढलं?"

तिला त्या दिवशीच्या उलटतपासणीची काही कल्पना नव्हती. साडभाऊ उरलेल्या भाऱ्यावर बसले आणि म्हणाले, "म्याच काढलं." ताई सांगते, तिनं लग्नानंतर त्यांना इतकं पांढरं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी गाईंना उरलेला मका अख्खाच घातला.

आता करायचं काय? वकील आपल्या अशिलाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, आणि साडभाऊ गेलेही नाहीत. वकालतनामा सोडून दिला असता तर कंपनीनं दुसरा वकील दिला असता आणि त्यानं कमलबाईंच्या त्या एका उत्तरावर खटला जिंकला असता. त्यांनी कंपनीला फोन केला आणि झाकणाबद्दल सगळं सांगितलं. कंपनी भडकली. तुम्ही आमचे वकील की त्या बाईचे, असं विचारण्यात आलं. साडभाऊ म्हणाले, तुमचाच, म्हणून तर सांगतो. तुमच्या एका मोठ्या साहेबाला माझ्या अंगणात पाठवा. ही त्यांची सगळ्यांत मोठी अशील होती आणि ती जाणार असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं.

साहेब आला त्या दिवशी मीही तिथे होतो. परप्रांतातला, गोरापान, कडक इस्त्रीचा सदरा घातलेला. गाई पाहून तो फाटकातच थबकला. साडभाऊंनी त्याला आत घेतलं, हातात कंपनीचंच पुस्तक दिलं, समोर हिरवा मका ठेवला आणि स्वतः खुर्ची टाकून बसले. साहेबानं हसत मका सरकवला. अडकला. यंत्र बंद करून बोल्ट काढावे लागले. पुन्हा अडकला. साहेबाच्या सदऱ्याला ग्रीस लागलं. गाई दोन पावलं पुढे आल्या. तिसऱ्यांदा अडकल्यावर त्यानं झाकणाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पान्यासाठी हात पुढे केला. हे काढूनच ठेवतो, असं काहीसं तो म्हणाला. पाना साडभाऊंनी आधीच उचलून कोटाच्या खिशात टाकला होता. त्यांनी तो खिशावरूनच दाबून धरला आणि आपल्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, "साहब, पाना मत मांगो. पाना मांगा, तो अपनी केस गई." साहेबाचा हात तसाच राहिला. मग तो चौथऱ्याच्या कडेवर बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

आयोगापुढे तडजोड झाली. साडभाऊंच्या नावावरची पहिली. कमलबाईंना भरपाई मिळाली, आणि कंपनीनं त्या यंत्राचं झाकण बदललं; पहिलं नवं झाकण कमलबाईंच्याच यंत्रावर बसलं. आता ते बिजागरीवर वर उचलता येतं, उचललं की यंत्र आपोआप थांबतं, चारा मोकळा करून खाली टाकलं की पुन्हा चालू करता येतं. ते काढायची कुणाला गरजच पडत नाही. मोताळ्याच्या बाजारात दुकानदार त्याला 'वकिली झाकण' म्हणतो. साडभाऊंना हे कळल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. अपघातच होत नाहीत, मग खटले कुठून येणार, आपण आपल्याच पोटावर पाय दिला, असं ते आल्यागेल्याला सांगतात. सांगताना त्यांच्या मिशा मात्र हसत असतात, आणि त्या लपवणं त्यांना अजून जमलेलं नाही. माझा राग केव्हा गेला ते मला सांगता येणार नाही. पण हा माणूस आपला साडू आहे याचा मला तडजोडीच्या दिवसापासून फार अभिमान वाटतो.

तडजोडीनंतर महिनाभरानं ते आमच्याकडे आले. सकाळची वेळ होती आणि बायकोनं सवयीनं कोऱ्या चहाचं आधण ठेवलं होतं. तेवढ्यात दुधाची कॅन घेऊन कमलबाई ओट्यावर आल्या. साडभाऊ उठून उभे राहिले. कोऱ्या चहाची गोष्ट बायकोनं कमलबाईंच्या कानावर कधीच घातली होती. त्यांनीच बायकोच्या हातातला कप पाहून विचारलं, "साहेब, अजून कोराच पेता का?" साडभाऊ म्हणाले, केस संपली, टाका दूध. कमलबाईंनी डाव्या हातानं माप बुडवलं आणि कपात धार धरली. साडभाऊंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि जन्मभराची सवय उफाळून आल्यासारखे म्हणाले, "पानी हाये याच्यात." कमलबाई म्हणाल्या, "मंग लावा केस." आम्ही सगळे पोट धरून हसलो.

हसणं ओसरल्यावर साडभाऊंची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. तो आता पदराखाली नव्हता. कपाची कड अंगठ्यानं पुसत ते हळू म्हणाले, "बाई, बोटं तं मले वापस आनता आली नाई."

"ते कोन आनते, साहेब," कमलबाई म्हणाल्या. "पन आता मशीन सून चालवते. तिचे दाही बोटं हायेत."

साडभाऊंनी चहा सावकाश संपवला, कप पुढे केला आणि बायकोला म्हणाले, अजून अर्धा द्या, दूध जरा जास्त टाका.